उतरवून घेतलेली बटणे

आमच्या घरी सदरा विरला की पुढचा क्रम ठरलेला असे. पाठीचे कापड मोठे आणि मऊ, म्हणून ते गोधडीसाठी बाजूला निघे, बाह्यांची फडकी होत आणि उरलेल्या चिंध्या उशीत भरल्या जात. मात्र कात्री कापडाला लागण्याआधी आजी म्हणायची, "आधी बटणं उतरवून घे." ती ओढून काढायची नसत. बटण किंचित उचलून त्याच्या मानेशी गुंडाळलेला दोरा ब्लेडने कापायचा आणि एका सदऱ्याची सगळी बटणे एकाच दोऱ्यात ओवून गाठ मारायची, म्हणजे संच फुटत नाही. अशा कित्येक सरी तिच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. तो डबा माझ्याकडे आला आणि गेली पंधरा वर्षे मी त्यात भर घालत आहे.

पहिले वर्ष केवळ ओळख पटवण्यात गेले. पांढरी बटणे वरवर सारखीच दिसतात. पण गालाला लावून पाहिले की शिंपल्याचे बटण गारेगार लागते आणि प्लॅस्टिकचे तसे लागत नाही. शिंपल्याचे बटण उलटे केले तर मागच्या बाजूला बऱ्याचदा शिंपल्याच्या बाहेरच्या सालीचा करडा किंवा पिवळट डाग राहिलेला असतो, आणि एकाच संचातली बटणेही जाडीला अगदी सारखी नसतात. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या मस्कटीन या गावी जर्मनीहून आलेल्या जॉन बेपल यांनी १८९१ मध्ये मिसिसिपी नदीतल्या शिंपल्यांपासून बटणे कापण्याचा कारखाना काढला आणि १९०५ पर्यंत ते गाव वर्षाला सुमारे दीड अब्ज बटणे करू लागले. त्या कारखान्यांतून टाकून दिलेल्या, गोल गोल भोके पडलेल्या शिंपल्यांची छायाचित्रे मी पाहिली, तेव्हापासून शिंपल्याचे साधे चार छिद्रांचे बटणही मला क्षुल्लक वाटेनासे झाले, कारण त्या प्रत्येक भोकातून एकेक बटण निघालेले आहे आणि त्या हव्यासापायी नदीतले शिंपले विरळ होत गेले.

रंगीत बटणांची पारख अधिक अवघड असते. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेले बेकेलाइट हे प्लॅस्टिक आणि दुधातल्या केसीनपासून केलेले प्लॅस्टिक, ही दोन्ही पॉलिएस्टर येण्यापूर्वीच्या बटणांत भरपूर सापडतात. बेकेलाइटचे बटण बोटांत जोराने घासले किंवा क्षणभर गरम पाण्यात धरले की औषधासारखा उग्र वास येतो, तर केसीनला जळक्या दुधाची आठवण करून देणारा वास असतो. ही परीक्षा क्षणभरच करावी, हे मी नुकसान सोसून शिकले. कुणाच्या तरी जुन्या कोटाची तपकिरी, संगमरवरासारख्या रेषांची सहा बटणे मी साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवली. ती केसीनची होती आणि केसीन पाणी पिते. सकाळी ती फुगून निस्तेज झाली होती, आणि वाळल्यावर त्यांतल्या दोहोंना बारीक तडे गेले. तेव्हापासून मी जुनी बटणे ओलसर सुती फडक्याने पुसते आणि लगेच कोरडी करते. शिंपल्याला तर लिंबू किंवा व्हिनेगर कधीच लावू नये, कारण त्यातला चुना आम्लात विरघळतो आणि चकाकी कायमची जाते. तापवलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण बटण सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकचे निघाले तर ते पेट घेते, म्हणून मी ती परीक्षा करतच नाही.

सेल्युलॉइडचा आणखी एक दोष असा की जुने झाल्यावर ते आम्लधर्मी वाफ सोडू लागते. बंद डब्यात ती वाफ कोंडली की शेजारची धातूची बटणे गंजतात आणि चांगली सेल्युलॉइडची बटणेही बिघडतात. आजीच्या डब्याशी माझे कितीही नाते असले तरी त्यातून मला बटणे बाहेर काढावी लागली. आता ती कागदी पाकिटांत, प्रकारानुसार वेगवेगळी ठेवली आहेत आणि डब्यात फक्त दोऱ्याची रिळे आहेत.

बटण ही आपल्याकडे तशी उशिरा रुळलेली वस्तू. बाराबंदी बंदांनी बांधली जात असे, अंगरख्यालाही बंदच असत, आणि गुंडी ही बहुधा कापडाचीच असे. शिंपी ज्याला 'काज' म्हणतात तो शब्द पोर्तुगीज 'काझा'वरून आला आहे. त्या भाषेत त्याचा अर्थ घर असाही होतो आणि बटणाचे छिद्र असाही. कोकणीतला 'बुतांव' आणि बंगालीतला 'बोताम' हेही त्याच वाटेने आले. चांदीच्या बारीक साखळीने जोडलेली, सदऱ्यातून काढता-घालता येणारी बटणे आजोबांकडे होती. धोब्याच्या दगडावर शिवलेल्या बटणांचा निभाव लागत नसल्याने कपडा धुवायला जाताना ती काढून ठेवण्याची सोय अगदी रास्त होती.

धातूच्या बटणांसाठी मी पुण्याच्या जुन्या बाजारात जाते. तो बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि खिळे, कुलपे, घड्याळांचे सांगाडे यांच्या ढिगात गणवेशाची पितळी बटणे हाताला लागतात. ती आधी उलटी करून पाहावीत, कारण मागे पुष्कळदा लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या कारखानदाराचे नाव कोरलेले असते. 'जी. आय. पी.' अशी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची अक्षरे असली तर बटण १९५१ पूर्वीचे समजावे, कारण त्या वर्षी ती रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. अशा बटणांना मी पितांबरी लावत नाही. घासून चमकवलेल्या बटणावरची अक्षरे बोथट होतात आणि वर्षानुवर्षे चढलेला काळसर रंग पुन्हा येत नाही.

आता हस्तकलेविषयी, कारण माझा खरा आग्रह तिथेच आहे. जुने बटण डिंकाने चिकटवू नये. एका प्रदर्शनात मी काचेच्या सुंदर बटणांनी मढवलेली चौकट पाहिली. ती सपाट बसावीत म्हणून प्रत्येकाच्या मागची धातूची कडी पक्कडीने तोडलेली होती. करणाऱ्या बाईंनी ते मोठ्या हौसेने दाखवले आणि मला बोलवेना. शंभर वर्षे टिकलेले बटण त्या एका कामानंतर पुन्हा कधीच बटण म्हणून वापरता येणार नव्हते. बटण एका कपड्यावरून उतरून दुसऱ्यावर चढू शकते, म्हणूनच ते कापडापेक्षा जास्त जगते, आणि आपण केलेल्या वस्तूने त्याची ती वाट बंद करू नये असे मला मनापासून वाटते.

म्हणून मी शिवते, आणि सुती दोऱ्यानेच शिवते, कारण नायलॉनचा दोरा शिंपल्याच्या छिद्राची कड कापतो. बटण आणि कापड यांच्यामध्ये आगकाडी धरून टाके घालते, मग ती काढून सैल दोऱ्याभोवती वेढे देते. त्याने मान तयार होते आणि जाड कापडावरही बटण ताणले जात नाही. कडीच्या बटणासाठी कापडाला बारीक काज करून कडी आत घालते आणि मागून पिळाच्या दोऱ्याने अडवते. खणाच्या चष्म्याच्या पिशव्यांना मी काजाऐवजी त्याच कापडाचा फासा लावते, कारण खण कापला की उसवतो. फाशाचे माप बटणावरून घ्यावे लागते. बटणाचे माप 'लाइन'मध्ये मोजतात, ४० लाइन म्हणजे एक इंच. सदऱ्याचे बटण साधारण १८ लाइनचे, तर कोटाच्या बाहीचे २४ लाइनचे असते. तोरणे, उशांचे अभ्रे, वहीची वेष्टने हे सारे मी करते, पण तान्ह्या मुलांच्या गोधडीला बटण लावण्याची मागणी आली तर सरळ नकार देते. जुना दोरा केव्हा तुटेल याचा नेम नसतो आणि मूल ते तोंडात घालते.

सध्या टेबलावर काळ्या काचेची पाच बटणे आहेत. प्रिन्स अल्बर्टच्या १८६१ मधील मृत्यूनंतर राणी व्हिक्टोरियाने जेटचे, म्हणजे लाकडाच्या जीवाश्मापासून बनलेल्या काळ्या चकचकीत खड्याचे, दागिने घालायला सुरुवात केली आणि ज्यांना जेट परवडत नसे त्यांच्यासाठी काचेची काळी बटणे निघाली. माझी पाच त्या काळातली आहेत असे मी म्हणणार नाही, पण घडण त्याच धाटणीची आहे. सरीची गाठ आणि दोऱ्यातली मोकळी जागा पाहता मुळात ती सहा असावीत. सहावे नवे घालून संच पुरा करता येईल, असे शिंप्याने सुचवले होते. त्याऐवजी मी इरकलीच्या जुन्या पदराची, पाचच बटणे लागतील अशी लांबट पिशवी बेतली आहे, आणि सरीचा दोरा तेवढा जपून ठेवला आहे.