सांबऱ्याला उतरताना

आज बंगळूरहून बेळगावला विमानानं आले. धारवाड मागे पडलं आणि विमान जे हलायला लागलं! शेजारी खानापूरच्या एक मावशी, पहिलाच विमानप्रवास. "बाई गं, हे पाडतंय काय आता?" म्हणत माझा हात धरला तो थेट बेळगावच्या सांबरा विमानतळापर्यंत.

मोठी जेट विमानं 35,000 फुटांच्या आसपास, बहुतेक ढगांच्या वरून जातात. आमचं पंख्याचं छोटं एटीआर त्याच्या बरंच खालून, म्हणजे पावसाळी ढगांच्या ऐन गर्दीतून. त्यात अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला आपटून वर चढतो आणि अलीकडे घुसळत उतरतो. मग गचके बसणारच. पंख मात्र असे ताण सोसायलाच लवचिक केलेले असतात. अशा वेळी खरी इजा होते ती पट्टा न लावणाऱ्यांना. (पुढचे काका तेवढ्यात बॅग काढायला उठलेच! हवाई सुंदरीनं खडसावलं, बरं झालं.)

पश्चिमेचा वारा अंगावर घेत पूर्वेकडून उतरलो. टेकलो तेही दणकून, ओल्या धावपट्टीवर तसंच बरं असतं म्हणे.

मावशी उतरताना म्हणाल्या, "जाताना मी राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसनंच जाणार बघ."