फौजी चित्रकार जोडीदारामागे उरलेली चित्रं आणि पदकं

जोडीदार गेल्यावर कपाट आवरायची घाई होते. चित्रांच्या बाबतीत ती नको. आधी प्रत्येक कागदाचा, पाठपोट, फ्लॅश न वापरता फोटो काढा. पेन्सिल पुसट झाली असेल तर बाजूने टॉर्च धरा, हाताच्या दाबाच्या खुणा दिसतात. आघाडीवरची रेखाटनं बहुधा वहीच्या हलक्या कागदावर असतात. त्यातल्या आम्लामुळे कडा पिवळ्या पडून तुटतात. तिथे सेलोटेप लावली की संपलंच. चिकटा कागदात मुरतो आणि तो तपकिरी डाग सहसा निघत नाही. लॅमिनेशन तर नकोच नको.

कोळशाच्या चित्रावर प्लास्टिक ठेवू नका, स्थिर विजेने भुकटी उचलली जाते. जलरंगांना काच टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवा. उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आतच, म्हणजे मंदच.

पदकं चकचकीत करायचा मोह आवरा. पॉलिशने दर वेळी थोडा धातू झिजतो आणि कडेवर कोरलेलं नाव, नंबर पुसट होत जातं. पीव्हीसी या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात तांब्यावर हिरवट चिकट थर धरतो. रिबन कितीही मळलेली असो, धुऊ नका, रंग फुटतो. शिवाय तो मळ त्याच छातीवरचा.