डेव्हिस यांच्या नोंदीतलं एक वाक्य

चरित्रकोशातल्या नोंदी छापायच्या आधी तपासणं हे माझं काम. त्या दिवशी अमेरिकी हवाई दलाचे जनरल बेंजामिन ओ. डेव्हिस ज्युनियर यांची नोंद हातात होती. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी कृष्णवर्णीय लढाऊ वैमानिकांचं नेतृत्व केलं होतं. पानं संध्याकाळी छपाईला जायची होती आणि मी एका वाक्यावर अडलो: ‘डेव्हिस यांच्या वैमानिकांनी संरक्षण दिलेलं एकही बॉम्बर शत्रूच्या विमानांना पाडता आलं नाही.’

हे वाक्य वर्षानुवर्षं सगळीकडे छापलं गेलंय. पण 9 जून 1944 च्या म्युनिक मोहिमेसाठी डेव्हिस यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळालं, त्याच्या मानपत्रातच म्हटलंय की त्यांनी आपल्या तुकड्या इतक्या कौशल्याने मांडल्या, की बॉम्बर्सची हानी थोडीच झाली. खुद्द गौरवाच्या कागदातच हानीची नोंद! पुढे हवाई दलाचे इतिहासकार डॅनियल हॉलमन यांनी मोहिमांचे अहवाल तपासले. संरक्षणाच्या 179 मोहिमांपैकी 7 मोहिमांत मिळून 27 बॉम्बर पडले होते. डेव्हिस यांचा गट ज्यात होता, त्या 15 व्या हवाई दलातल्या मस्टँग लढाऊ विमानांच्या इतर गटांची सरासरी होती 46.

लेखकांना फोन केला. ते दुखावले. म्हणाले, “अहो, कृष्णवर्णीय म्हणून वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत चार वर्षं त्यांच्याशी कुणी बोललं नाही. खोलीत एकटे, जेवायला एकटे. आणि आता त्यांच्या पदरातलं आपणच काढून घ्यायचं?”

त्यांची तळमळ खरी होती. मलाही ते वाक्य काढताना जड जात होतं.

“सर, 1943 चा परिच्छेद तुम्हीच लिहिलाय,” मी म्हटलं. त्या वर्षी वरिष्ठांनी डेव्हिस यांच्या 99 व्या स्क्वॉड्रनवर, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकडीवर, लढाऊ वृत्ती नसल्याचा ठपका ठेवला होता. डेव्हिस वॉशिंग्टनमध्ये समितीपुढे उभे राहिले. मग इतर स्क्वॉड्रनच्या नोंदींशी तुलना झाली, तेव्हा कामगिरीत फारसा फरक निघाला नाही. स्क्वॉड्रन आघाडीवर राहिली आणि जानेवारी 1944 मध्ये इटलीतल्या अँझिओवर दोन दिवसांत तिने 12 विमानं पाडली. “नोंदी तपासल्या गेल्या म्हणूनच ते तेव्हा वाचले ना, सर?”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी नवं वाक्य सांगितलं, 27 आणि 46 हे दोन्ही आकडे घालून. शिवाय वेस्ट पॉइंटबद्दल दोन ओळी वाढवायला सांगितल्या. जागेसाठी मी पदकांची यादी छाटली.