ताम्बुरेल्लोच्या कुंपणाला बांधलेला रुमाल

माझ्या बॅगेत दादाचा एक पिवळा रुमाल होता. धुऊन धुऊन विरलेला, कडा उसवलेल्या. कोल्हापूरहून निघताना त्याने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात ठेवला. "अगं, तू इमोलाला जायलीस न्हवं? मग ह्यो घेऊन जा. बांध तिथं कुठंतरी." एवढंच बोलला आणि येझदीला किक मारून उद्यमनगरला कामावर निघून गेला.

इटलीतल्या बोलोन्याहून पॅसेंजर गाडी साधारण अर्ध्या तासात इमोलाला पोचवते. ऑक्टोबर होता, शर्यतीचा हंगाम इथून कधीच पुढे सरकलेला. गाव शांत, विटांचं, सायकलवरून बाजाराला निघालेल्या आज्ज्यांचं. सरळ चालत राहिलं की सांतेर्नो नदी लागते, पूल ओलांडला की ट्रॅक. ४.९०९ किलोमीटरचा हा ट्रॅक एका बागेला कवेत घेऊन वळतो आणि त्याच बागेत, ताम्बुरेल्लो नावाच्या वळणाकडे तोंड करून, ब्राझीलचा फॉर्म्युला वन चालक आयर्टन सेन्ना बसलेला आहे. पुतळा ब्राँझचा आहे, मान खाली घातलेली. हातात करंडक नाही की उंचावलेली मूठ नाही. शर्यत संपल्यावर दमून एकटाच टेकलेला माणूस वाटतो.

१ मे १९९४. शर्यतीची सातवी फेरी. ताशी सुमारे ३१० किलोमीटरच्या वेगाने जाणारी त्याची विल्यम्स गाडी इथे वळलीच नाही, सरळ जाऊन भिंतीवर आदळली. तो गेला तेव्हा ३४ वर्षांचा होता, तीनदा जगज्जेता. ही भिंत धोक्याची आहे हे चालकांना ठाऊक होतं. १९८९ मध्ये याच वळणावर गेरहार्ड बर्गरची फेरारी पेटली होती. पुढे बर्गर आणि सेन्ना दोघं मिळून ती भिंत बघायला आले. मागे सरकवता येईल का, एवढंच बघायचं होतं. भिंतीपलीकडे नदी होती. मी तिथे उभी राहून सांतेर्नोकडे पाहिलं. उथळ, संथ पाणी. त्या पाण्याने अडवलेली भिंत एका माणसाला नडली हे मनाला पटवून घेणं फार जड गेलं. १९९५ साली तिथे वेग मारणारी उलटसुलट वळणं घातली. वर्षभर आधी घातली असती तर, हा विचार तिथे येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येत असणार.

आणि मग ते कुंपण. आपल्याकडे देवस्थानाजवळच्या झाडाला नवसाची फडकी बांधलेली असतात ना, अगदी तसं. ब्राझीलचे झेंडे तर ढिगाने. त्यांच्यामध्ये अर्जेंटिना, पोलंड, जपान. टी-शर्ट, जपमाळा, शाळकरी अक्षरातली पत्रं. एक निळी टोपी होती, सेन्ना घालायचा तशीच, पुढे 'नासिओनाल' या बँकेचं नाव. उन्हाने तिचा निळा पार राखाडी झालेला, शिवणीत शेवाळ. शेजारी तारेने घट्ट बांधलेली खेळण्यातली पांढरी-लाल मॅकलारेन गाडी, बोटाएवढी, एक चाक निखळलेलं. चाक हरवू नये म्हणून कुणीतरी ते दोऱ्यात ओवून गाडीलाच अडकवून ठेवलं होतं. त्या दोऱ्यापाशी मी बराच वेळ थांबले.

आदल्या दिवशी मी मारानेल्लोत होते, मोदेनाहून बसने. फेरारीचा कारखाना तिथलाच. फेरारी जिंकली की चर्चची घंटा वाजवायची त्या गावची जुनी रीत. दुकानं टोप्या, कीचेन, झबल्यांनी लालेलाल, आणि जगाच्या पाठीवरून आलेली माणसं पिशव्या भरत होती. मीही दादासाठी एक टोपी घेतली. त्यात काही वावगं नाही, आवडीच्या माणसाचा रंग अंगावर घालावासा वाटतोच. पण आमच्या घरी हा रंग दुकानातून आलाच नव्हता. नव्वदच्या सुमारास कोल्हापुरात सेन्नाची वस्तू मिळणार कुठे? दादाने एका क्रीडा पाक्षिकातलं पोस्टर समोर धरून नंबरप्लेट रंगवणाऱ्याकडून आपलं हेल्मेट पिवळं करून घेतलं, वर हिरवा आणि निळा पट्टा. पेंटरने दोनदा चुकवलं, दोनदा पुसायला लावलं. त्या हेल्मेटच्या आत डोक्याला बांधायचा तो हा रुमाल. अपघाताची बातमी त्याला दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या चहाच्या टपरीवर कळली. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि आई त्याला काही विचारत बसली नाही.

सेन्नाच्या अपघाताच्या आदल्याच दिवशी, ३० एप्रिलला, याच ट्रॅकवरच्या अपघातात रोलंड राट्झेनबर्गर गेला होता. सिमटेक या छोट्या संघाचा ऑस्ट्रियन चालक, ३३ वर्षांचा, फॉर्म्युला वनमध्ये नुकताच पोचलेला. त्याच्या नावाची टोपी मला कुठल्याही दुकानात दिसली नाही. पण सेन्नाच्या मोडलेल्या गाडीत घडी घातलेला ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला होता. शर्यत संपल्यावर तो राट्झेनबर्गरसाठी फडकवायचा होता. सेन्नाच्या ४१ विजयांपेक्षा आणि ६५ पोल पोझिशन्सपेक्षा, म्हणजे सर्वांत पुढून शर्यत सुरू करण्याच्या मानापेक्षा, हा न फडकलेला झेंडा मला मोठा वाटतो, आणि हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे.

रुमाल कुठे बांधावा कळेना. कुंपणाला बोटभर जागा मोकळी नव्हती. कुत्र्याला फिरवायला आलेले एक आजोबा माझ्याकडे पाहत होते. ते पुढे आले, रुमाल हातात घेऊन उलटसुलट केला, आणि मग दोन झेंडे अलगद बाजूला सारून जाळीचा एक कोपरा मोकळा करून दिला. मी निरगाठ मारली. त्यांनी ती ओढून पाहिली, मान हलवली.

फोटो काढून दादाला पाठवला. तिकडे संध्याकाळ झाली होती, तो नुकताच कामावरून आला असणार. लगेच फोन आला.

"शेजारी ते लाल-पांढरं-लाल काय हाय?"

"ऑस्ट्रियाचा झेंडा, दादा."

थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मागून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता.

"मग बरोबर जागा गावली," म्हणाला.