बॅटरी बसली आणि सायरन उठला

महिनाभर उभ्या असलेल्या गाडीला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज द्यायला जंपर केबल लावायला घ्यावी आणि टर्मिनलला चिमटा टेकताच सायरन, हॉर्न, चारही इंडिकेटर एकदम सुरू व्हावेत, हे नेहमीचंच. रिमोट दाबला तर गाडी ढिम्म. मग अलार्म बिघडला असं धरून त्याच्या वायरी उपटायला घेणारे बरेच असतात. बहुतेक वेळा अलार्म धडधाकट असतो. त्याला व्होल्टेज पुरत नाही, एवढंच.

बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटर (व्होल्टेज-करंट मोजायचा मीटर) १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवतो. १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. अशा बॅटरीवर स्टार्टर मारला की 'टक-टक-टक' होतं आणि त्या क्षणी व्होल्टेज आठ-नऊच्याही खाली कोसळतं. अलार्मचं युनिट तेवढ्यात बंद पडतं आणि व्होल्टेज वर आलं की पुन्हा जागं होतं. जागं होताना ते शेवटची नोंद वाचतं. ती नोंद असते 'गाडी लॉक आहे'. प्रत्यक्षात दार उघडं, बॉनेट वर, आत माणूस बसलेला. युनिटच्या हिशेबाने ही सरळसरळ चोरी आहे.

काही सायरनच्या पोटात स्वतःची छोटी रिचार्जेबल बॅटरी असते. चोराने मुख्य बॅटरीची वायर तोडली तरी वाजत राहावं म्हणून ती दिलेली असते. मुख्य लाइन गेली की तो वाजतो, मग ती वायर चोराने तोडलेली असो की बॅटरी आपली आपण बसलेली असो. टर्मिनल काढूनही आवाज थांबत नसेल तर सायरन याच जातीचा आहे, आणि मुख्य बॅटरीशी झटापट करून उपयोग नाही. बाहेरून बसवलेल्या अशा काही सायरनला खाली तो बंद करायला छोट्या चावीचं कुलूप असतं. ती चावी गाडी घेताना मिळालेल्या पाकिटात पडलेली असते आणि गरजेच्या वेळी कधीच सापडत नाही. आजच शोधून घरातल्या जास्तीच्या चावीला अडकवून ठेवा.

आवाज कितीही कानठळ्या बसवणारा असला तरी आधी व्होल्टेज, मग अलार्म. लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचा चिमटा बंद गाडीच्या इंजिनवरच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी पडायचीच असेल तर ती बॅटरीतून निघणाऱ्या, पेट घेणाऱ्या वायूजवळ पडू नये म्हणून हा क्रम. मदतीची गाडी सुरू ठेवून पाच-दहा मिनिटं थांबा. इथे घाई केली की पुन्हा टक-टक, पुन्हा रीसेट, पुन्हा सायरन. गाडी सुरू झाल्यावर केबल उलट्या क्रमाने काढा. इंजिन चालू असताना टर्मिनल काढून 'अल्टरनेटर (बॅटरी भरणारा जनरेटर) बघायची' जुनी गॅरेजची सवय मात्र आजच्या गाड्यांवर चालवू नका. व्होल्टेजच्या उसळीने कंट्रोल युनिट जळू शकतं.

आता गाडी गप्प कशी करायची? कंपनीचा अलार्म असेल तर मूळ चावी घालून इग्निशन ऑन करा. बऱ्याच गाड्यांत चावीतली इमोबिलायझरची (परक्या चावीने इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चिप ओळखली की सायरन थांबतो. चिपला सेल लागत नाही, त्यामुळे रिमोट मेलेला असला तरी हे चालतं. दार चावीने उघडल्यावर अलार्म वाजणं हाही बऱ्याच मॉडेलमध्ये बिघाड नसतो: रिमोटने लॉक केलेली गाडी चावीने उघडली की ती संशय घेणारच. पुश-बटनच्या गाडीत रिमोटमधली छोटी चावी ओढून काढा, हँडलवरच्या झाकणाखालचं कुलूप उघडा, आणि रिमोट थेट स्टार्ट बटनाला टेकवून बटन दाबा (काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, मॅन्युअल बघा). पूर्ण बसलेल्या बॅटरीवर धक्का स्टार्टचा नाद सोडा. चिप वाचायला आणि इंधनपंप चालवायलाही वीज लागतेच.

ॲक्सेसरीवाल्याकडून बसवलेल्या अलार्मची गोष्ट वेगळी. त्याला बहुधा अलार्म बंद करायचं एक लपवलेलं बटन असतं, व्हॅले स्विच. ते स्टिअरिंगखाली, फ्यूजबॉक्सच्या बाजूला किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे सापडतं. इग्निशन ऑन करून काही सेकंदांत ते दाबायचं. किती वेळ, किती वेळा, हे मॉडेलवर ठरतं. बसवून घेतानाच त्या माणसाला बटन दाखवायला लावा आणि एकदा स्वतः दाबून बघा. युनिटचा फ्यूज काढला तर आवाज थांबेल, पण स्टार्टरची किंवा पंपाची वायर त्याच युनिटच्या रिलेतून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) गेली असेल तर जोडणीनुसार गाडी सुरूच होणार नाही.

रिमोटचं 'प्रोग्रॅमिंग उडालं' असं सांगून पैसे घेणाऱ्यांपासून सावध. नोंदवलेले रिमोट ज्या मेमरीत असतात ती वीज गेल्याने सहसा पुसली जात नाही. आधी रिमोटमधला सेल बदला: कंपनीच्या रिमोटमध्ये बहुधा ३ व्होल्टचा सीआर २०३२ किंवा त्याचा पातळ भाऊ, जुन्या ॲक्सेसरी रिमोटमध्ये १२ व्होल्टचा २३ए. मग गाडीजवळ उभं राहून बटन लागोपाठ दोन-तीनदा दाबा. खिशात बटन बरेचदा दाबलं जाऊन कोड पुढे सरकला असेल तर बऱ्याचदा तो तेवढ्याने जुळतो.

बॅटरी भरल्यावरही रात्री-बेरात्री अलार्म वाजत असेल तर पहिला संशय बॉनेटच्या स्विचवर घ्या. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, त्यात ओल आणि गंज धरतो आणि बंद बॉनेट युनिटला उघडं वाटतं. सॉकेट काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, स्विच दाबून मल्टिमीटरवर जोड-तोड बघा. ॲक्सेसरी युनिटच्या शॉक सेन्सरवर संवेदनशीलतेचा स्क्रू असतो. शेजारून बुलेट गेली की अलार्म ओरडत असेल तर तो थोडा मागे फिरवा.

पण बॅटरी उतरली कशाने? हे न शोधता गाडी घरी नेली तर आठवड्या-पंधरवड्यात पुन्हा तेच. उभ्या गाडीत घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसिव्हर मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपियर जातात. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपियर-तास. लहान पेट्रोल गाडीच्या ३५ अँपियर-तासाच्या बॅटरीतले निम्मे साधारण १४-१५ दिवसांत संपतात, तेही बॅटरी नवी आणि भरलेली असेल तर. म्हणून महिनाभर उभी गाडी बसली तर त्यात नवल नाही. चार दिवसांत बसली तर कुणीतरी वीज खातंय.

मोजायचं असेल तर आधी उघड्या दाराची आणि बॉनेटची लॅच स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला सगळं बंद वाटेल. चावी बाहेर. १० नंबरच्या पान्याने मायनस टर्मिनल सोडा आणि मल्टिमीटर १० अँपियरच्या रेंजवर ठेवून टर्मिनल आणि केबलच्या मध्ये लावा. या काळात स्टार्टर मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. सुरुवातीचा मोठा आकडा खरा नव्हे. सगळी युनिट झोपायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. नंतरही आकडा शंभर-दोनशे मिलिअँपियरच्या पुढे असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा धाडकन खाली येईल तीच लाइन. डॅशकॅम, बाहेरची म्युझिक सिस्टिम, जीपीएस ट्रॅकर आणि खुद्द ॲक्सेसरीचा अलार्म हे नेहमीचे गिऱ्हाईक.

खोल उतरलेली बॅटरी वीस मिनिटं गाडी फिरवून भरत नाही. चार्जरवर क्षमतेच्या एक दशांश करंटने, म्हणजे ३५ ची असेल तर साडेतीन अँपियरने, १० ते १२ तास लावा. वारंवार पूर्ण बसलेली बॅटरी भरूनही टिकत नाही; स्टार्टर मारताना ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर ती बदलायची वेळ झाली.

बॅटरी परत जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस. काच खाली आणि चावी हातात ठेवा, कारण करंट येताच सेंट्रल लॉकिंग स्वतःहून बंद होऊ शकतं. नंतर ड्रायव्हरची काच पूर्ण वर घेऊन बटन दोन-तीन सेकंद धरलं की बऱ्याच गाड्यांत ऑटो-अप (एका दाबात काच पूर्ण वर जाणं) परत येतं. ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला असेल तर इंजिन सुरू ठेवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा आणि थोडं अंतर चालवा. बऱ्याचदा तो तेवढ्याने जातो. नाही गेला तर स्कॅनर लावावा लागेल.