वाताशी नो म्हणजे मना

भाच्याला जपानला जायचंय. नर्सिंगचा कोर्स झालाय त्याचा, आणि तिकडे म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला माणसं कमी पडतात हे आता आमच्या भुसावळच्या रिक्षावाल्यालाही माहीत झालंय. पण आधी भाषा पाहिजे. त्याच्या खेड्यावर रेंज नाही म्हणून तो संध्याकाळी आमच्याकडे येतो, वायफाय आमचा, लॅपटॉप माझा, आणि लॅपटॉप माझा म्हणून मी बाजूला बसलेली. असं करता करता तो एक आणि मी अर्धी, असे दीड विद्यार्थी झालो. आई पलीकडे गहू निवडत बसते, तिला धरलं तर पावणेदोन.

याच्या आधी त्याने एका ठिकाणी फी भरली होती, नाव नाही सांगत, तिथं नुसत्या पीडीएफ आल्या आणि सगळं इंग्रजीतून. जपानीत क्रियापद शेवटी येतं, नामाच्या मागे प्रत्यय लागतो, हे असं समजावून सांगितलेलं की जसं काही जगात आठवं आश्चर्य आहे. आणि हा बिचारा मनात मराठीचं इंग्रजी करतोय, इंग्रजीचं जपानी करतोय, तोवर समोरचा पुढच्या पानावर. मी म्हटलं अरे, आपण पण तर क्रियापद शेवटीच ठेवतो, 'मी भाकरी खातो', मग तू कशाला इंग्रजीच्या दारातून जाऊन राहिला?

आता पुण्याच्या एक मॅडम ऑनलाइन शिकवतात, त्यांना आम्ही सेन्सेई म्हणतो. पहिल्या दिवशी ओळख करून देणं होतं. हाजिमेमाश्ते, म्हणजे पहिल्यांदाच भेटतोय. मग नाव सांगून शेवटी 'देस', म्हणजे आहे. मग दोझो योरोश्कु ओनेगाइशिमास, ज्याचं सरळ मराठी होतच नाही, 'सांभाळून घ्या' हेच जवळचं. लिहिताना 'देसु', 'मासु' असं असतं पण शेवटचा उ गिळून टाकतात, देस, मास. तर भाचा घोकत होता, वाताशी नो नामाए वा अमुक देस. वाताशी म्हणजे मी, वाताशी नो म्हणजे माझं, नामाए म्हणजे नाव. चार-पाच वेळा झालं आणि आईने सुपातला हात थांबवला.

"नो म्हंजे काय रे?"

भाचा म्हणाला, आजी, नो म्हणजे चा, ची, चं.

"आरे, हाई ते आपलंच शे! मना, तुना, रामना. मना नाव अमुक शे."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. आमच्या खानदेशातल्या अहिराणी बोलीत मना म्हणजे माझं आणि शे म्हणजे आहे. वाताशी-नो, म-ना. देस, शे. जळगावना पोऱ्या म्हणायचं तर जपानीत जळगाव नो को. बरं हा निव्वळ योगायोग आहे, दोन्ही भाषांचं काही नातं नाही, कोणी लगेच अहिराणी आणि जपानी सख्ख्या बहिणी असं व्हॉट्सॅपवर फिरवू नका. पण पाठ व्हायला योगायोग पुरतो. शाळेत आम्हाला अहिराणीत बोललं की मास्तर ओरडायचे, शुद्ध बोल म्हणायचे, आणि इथं चाळीस वर्षांनी त्याच 'ना'मुळे भाच्याचा एक अख्खा धडा दोन मिनिटांत झाला. प्रमाण मराठीतल्या 'चा'ने ही मजा आली नसती.

मग आम्हाला नादच लागला. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी 'का' लावायचा. वाकारिमास म्हणजे समजतं, वाकारिमास का म्हणजे समजतं का. अक्षरशः तोच का, त्याच जागी. 'छान आहे ना' मधला ना म्हणजे त्यांचा ने, ईई देस ने. आणि त्यांची मुळाक्षरं अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचं वाटतं ना? जुन्या काळी तिथले बौद्ध भिक्खू संस्कृत ग्रंथांसाठी सिद्धम लिपी शिकायचे, त्या वर्णमालेवरून हा क्रम आलाय. च च्या जागी स आणि प च्या जागी ह एवढाच फरक, आणि त्यातला ह पण पूर्वी प होता म्हणतात. म्हणजे हिरागानाचा ४६ अक्षरांचा तक्ता आपल्या पोराला उलट सोपा जायला पाहिजे, पण आपण तो ए-बी-सी-डीतून पाठ करतो, काय बोलावं.

उच्चाराचंही तसंच. त्सुनामीतला त्सु हिंदीवाल्यांना जमत नाही, आपल्याला जमतो, चुलीतला च म्हणा की झालं. फक्त ळ नाही त्यांच्याकडे, ल पण नाही, सगळ्याचा र. जळगावचं जारुगाओन होतं आणि भुसावळचं बुसावारु. आईला याचं काहीच वाटलं नाही कारण अहिराणीत तरी ळ कुठे आहे, आम्ही पण जयगाव आणि धुयेच म्हणतो. ह्रस्व-दीर्घ मात्र सांभाळावं लागतं. ओबासान म्हणजे काकी-मावशी, आणि त्यातला 'बा' लांबवला की आजी. भाच्याने मला दोनदा आजी करून टाकलं, मी सोडून दिलं.

आता नमस्कार-चमत्कार. सकाळी ओहायो गोझाइमास, दुपारी कोन्निचिवा, संध्याकाळ झाली की कोम्बान्वा, झोपताना ओयासुमीनासाई. यादी सोपी आहे, घोळ वेळेचा होतो. शनिवारी सेन्सेईंच्या ओळखीच्या एक जपानी बाई निइगाताहून जॉइन होतात. आपले सहा वाजलेले, मे महिना, बाहेर असं ऊन की कूलरचं पाणी सुद्धा गरम, भाच्याने ऊन बघून जोरात कोन्निचिवा ठोकला. त्या हसून कोम्बान्वा म्हणाल्या. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, तिथं साडेनऊ वाजलेले रात्रीचे. आणि गंमत म्हणजे हॉटेलात वगैरे संध्याकाळच्या ड्यूटीवर आलेला माणूस पण ओहायो गोझाइमासच म्हणतो, कारण त्याची सकाळ तेव्हा होते. काम संपलं की एकमेकांना ओत्सुकारेसामा देश्ता म्हणायचं, म्हणजे जवळपास 'दमलात हो'. हे मला फार आवडलं. सायोनारा आपल्याकडे सगळ्यांना येतो पण रोज भेटणाऱ्याला कोणी म्हणत नाही, त्यात आता लवकर भेट नाही असा सूर येतो. त्यापेक्षा माता आश्ता, उद्या भेटू.

सगळ्यात सुंदर जोडी घरातली आहे. बाहेर निघणारा म्हणतो इत्ते किमास, म्हणजे जाऊन येतो. घरातला म्हणतो इत्तेराश्शाई, जाऊन या. परत आला की तादाइमा, आणि आतून ओकाएरी. आपल्याकडे नुसतं 'जातो' म्हणालं तर आई अजून चप्पल काढायला लावते, 'येतो' म्हण म्हणते. हे इंग्रजीत शिकवायला पुस्तकात अर्धं पान लागलं होतं. आणि शेजाऱ्याने कुठं निघाला विचारलं तर त्यांचं ठरलेलं उत्तर चोत्तो सोको मादे, हे काय, इथपर्यंतच. आमच्या अहिराणीतही तेच, कथा चालना रे भाऊ, म्हणजे कुठे चाललास, तर आठेच, इथेच. कोणी खरं ठिकाण सांगत नाही आणि विचारणाऱ्यालाही ते नकोच असतं.

जेवणाआधी इतादाकिमास म्हणजे मी हे घेतो (नम्रपणे), आणि जेवून झालं की गोचिसोसामा देश्ता. यावरून वांग्याचा विषय निघाला कारण आमच्याकडे त्या दिवशी भरीत होतं. त्यांच्यात वांग्याला नासु म्हणतात, आणि याकीनासु म्हणजे वांगं विस्तवावर भाजायचं, साल काढायची, वरून किसलेलं आलं आणि सोया सॉस. आईने विचारलं तेल, लसूण, हिरवी मिरची काहीच नाही? नाही. मग ते आजारी माणसाचं भरीत, असा निकाल देऊन ती उठली.

वर्गात बोलायची वाक्यं मात्र घासून घासून पाठ केली, कारण तिथं गेल्यावर ट्रेनिंगमध्ये हीच कामाला येणार. न समजल्यावर गप्प बसायची आपली सवय आहे, डोकं हलवायचं आणि घरी येऊन रडायचं. तर वाकारिमासेन, समजलं नाही, हे न लाजता म्हणायचं. मो इचिदो ओनेगाइशिमास, पुन्हा एकदा सांगा. युक्कुरी ओनेगाइशिमास, हळू सांगा. समोरून येणारी वाक्यं सगळी कुदासाई वर संपतात, कीते कुदासाई ऐका, मिते कुदासाई बघा, योन्दे कुदासाई वाचा, काइते कुदासाई लिहा. कीते आणि काइते मध्ये भाचा अजून अडकतो, ऐका म्हटलं की पेन उचलतो. मध्येच काही विचारायचं तर आधी सुमिमासेन, वर्गातून किंवा सरांच्या खोलीतून निघताना शित्सुरेइ शिमास, म्हणजे आगाऊपणा करतोय, माफ असावी. तिथल्या शाळेत तासाच्या सुरुवातीला एक मुलगा किरित्सु, रेइ, चाकुसेकी असं म्हणतो, उभे राहा, नमस्कार, बसा. आमच्या वेळच्या 'एक साथ नमस्ते'ची आठवण आली, फरक एवढाच की आम्ही ते शाळेचे पत्रे उडतील एवढ्या जोरात म्हणायचो.

दोन खड्डे सांगून ठेवते. एक, हाई म्हणजे हो, पण दर वेळी 'पटलं' असं नाही, फोनवर आपण हं… हं… करतो तसं नुसतं ऐकतोय म्हणून पण असतं. दुसरं, सान हे दुसऱ्याच्या नावाला लावायचं, स्वतःच्या कधीच नाही. आपल्याकडे 'मी पाटीलसाहेब बोलतोय' असं स्वतःच सांगणारे आहेत, त्यांचं तिथं अवघड आहे.

आणि सान वरून भूगोलात घोळ झाला. सेन्सेई फुजी-सान म्हणाल्या तर भाच्याला वाटलं डोंगराला पण राव लावतात, आपण खंडेराव म्हणतो तसं. तसं नाही, डोंगराच्या चित्राक्षराचा एक उच्चार यामा आणि दुसरा सान, नुसता योगायोग. ३,७७६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीपेक्षा जास्त, शिवाय ज्वालामुखी, शेवटचा १७०७ साली फुटलेला.

भूगोल मी शिकवला त्याला, खोटं कशाला बोलू, माझा आवडता विषय. भिंतीवर नकाशा चिकटवला. मोठी बेटं चार. होक्काइदो वर, मग लांबलचक होन्शू, त्याच्याखाली शिकोकू आणि क्यूशू. शिकोकू म्हणजे चार प्रांत, क्यूशू म्हणजे नऊ प्रांत, तोक्यो म्हणजे पूर्वेची राजधानी, होक्काइदोत तर उत्तर आणि समुद्र दोन्ही शब्द आहेत, म्हणजे आकडे आणि दिशा शिकल्या की अर्धा नकाशा आपोआप वाचता येतो. सगळा देश ३.७८ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, महाराष्ट्राच्या जेमतेम सव्वापट, आणि त्यातही बहुतेक डोंगर, म्हणून माणसं सगळी किनाऱ्याच्या सपाटीला दाटून राहिलेली. प्रांत ४७. एक 'चूगोकू' नावाचा भाग होन्शूच्या पश्चिमेला आहे, आणि चीनला पण जपानीत चूगोकूच म्हणतात, परीक्षेत गोंधळायला एवढं पुरे. बेटं किती विचारलं तर २०२३ मध्ये नव्याने मोजून १४,१२५ सांगितली, आधी ६,८५२ धरायचे. बेटं वाढली नाहीत, नकाशे बारीक झाले.

भाच्याला जे पटकन पाठ झालं ते अक्षांश. जपानचं दक्षिणेचं टोक ओकिनोतोरी नावाचं इवलंसं प्रवाळ बेट, २० अंश २५ मिनिटांवर, म्हणजे जवळजवळ आपल्या चाळीसगावच्याच रेषेत. आणि उत्तरेचं टोक ४५ अंशांच्या पुढे. अक्षांश बरं का, आमच्या भुसावळचं टेम्परेचर नाही. म्हणून एकाच देशात वर बर्फ आणि खाली पोहायला जाण्याएवढी ऊब.

मागच्या शनिवारी निइगाताच्या बाईंनी गृहपाठ दिला, आपल्या गावावर पाच वाक्यं. त्यांच्या गावातून शिनानो नदी समुद्राला मिळते, जपानमधली सगळ्यात लांब नदी, त्यांनी फोटो पण दाखवला. नदी म्हणजे कावा, पण नावाला जोडली की गावा होते, शिनानोगावा. वाक् अधिक ईश्वर वागीश्वर, तोच क चा ग, मराठीच्या बाईंनी संधी घोकून घेतले होते ते आता कामाला आले. आम्ही दोघांनी बसून लिहिलं. वाताशी नो माची वा बुसावारु देस, माझं गाव भुसावळ. नात्सु वा तोतेमो आत्सुई देस, उन्हाळा फार गरम. बानाना गा युमेई देस, केळी प्रसिद्ध. कावा गा आरिमास, नदी आहे. पाचवं सुचेना.

"तापीनं सांगं का तिले?" आई.

मी मोबाइलवर पाहिलं. शिनानो ३६७ किलोमीटर. तापी ७२४. भाच्याने वहीत लिहिलं, तापीगावा वा शिनानोगावा योरी नागाई देस. योरी म्हणजे पेक्षा, आणि तो पण नावाच्या मागेच लागतो. वर जपानी आणि खाली अहिराणी ठेवलं तर शब्दाखाली शब्द बसला, तापी शिनानोपेक्षा लांब शे.

शनिवारी त्याने ते वाचून दाखवलं. बाई आधी गप्प, मग एकदम पुढे सरकून म्हणाल्या, "एए, होन्तो देस का?"

आई गव्हावरून मान वर न करता म्हणाली, "काय म्हने ती?"

"खरंच का, असं विचारते आजी."

"हो म्हन तिले."