रिपोर्टखालची सही: आमच्या लॅबची वाटचाल

२००५च्या दिवाळी पाडव्याला आमची लॅब सुरू झाली. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, चार डॉक्टरांनी भागीदारीत काढलेलं अठरा खाटांचं हॉस्पिटल आणि त्याच्या तळमजल्यावर जिन्यालगतच्या दोन खोल्या. चौघांतली गायनॅक मिरजेच्या मेडिकल कॉलेजातली माझी रूममेट. पुण्यात पॅथॉलॉजीचं, म्हणजे रक्त आणि अवयव तपासून निदान करण्याचं, एमडी संपवून मी घरी बसले होते, तेव्हा तिचाच फोन आला. "ये गं तू. वर मी ऑपरेशन करीन, खाली तू स्लाइड बघ."

सहकारी बँकेचं कर्ज काढलं, सासरे जामीन राहिले. मायक्रोस्कोप नवा घेतला. सेल काउंटर आणि मायक्रोटोम जुने, बंद पडलेल्या एका लॅबमधून आणलेले. डीएमएलटी झालेला एक मुलगा टेक्निशियन म्हणून आला, तो आजही आमच्याकडे आहे. नवरा पतसंस्थेत नोकरीला होता, संध्याकाळी येऊन हिशेब लिहायचा. बाटल्या धुण्यापासून रिपोर्ट टाइप करण्यापर्यंत बाकी सगळं आम्ही दोघं-तिघं मिळून करत होतो.

पहिला महिना भरला आणि हॉस्पिटलचे मॅनेजर वही घेऊन खाली आले. भाडं दिलं, लाइट बिल दिलं. तरी ते उठेनात. मग हळूच म्हणाले, "मॅडम, तुमचं पर्सेंटेज किती धरू?"

पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरला लॅबने कट, म्हणजे कमिशन, द्यावा लागतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तो आपल्याच टेबलावर, आपल्याच मैत्रिणीच्या हॉस्पिटलातून मागितला जाईल, असं वाटलं नव्हतं. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांत कलम ६.४ आहे. पेशंट पाठवण्याबद्दल डॉक्टरने कमिशन देऊ नये, मागू नये आणि घेऊही नये, आणि तपासणीसाठी पाठवलेल्या नमुन्यालाही हेच लागू, असं त्यात सरळ लिहिलंय. म्हणजे घेणाऱ्याइतकीच देणारीही दोषी. मी मॅनेजरांना सांगितलं की भाडं वाढवा, पावती द्या, मी भरीन. पेशंटमागे पैसे देणार नाही.

त्या रात्री मैत्रीण खाली आली. ती चिडलेली नव्हती, थकलेली होती. बिल्डिंगचा हप्ता, जनरेटर, सिस्टरांचे पगार, सगळं तिने बोटांवर मोजून दाखवलं. "बाहेरच्या लॅब चाळीस टक्के देतात. तू दिले नाहीस म्हणून पेशंटचे पैसे वाचणार आहेत का? तो दुसरीकडे जाईल, तिथे तेवढेच भरेल. तोटा तुझाच." तिच्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणून मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी नवऱ्याशी बोलले आणि आम्ही दरपत्रक काढलं. कटात जाणारे पैसे दरातूनच कमी केले आणि बोर्ड रस्त्यावरून दिसेल असा लावला. पेशंटला तपासणी आधीपेक्षा स्वस्त पडली पाहिजे, नाहीतर आमच्या तत्त्वाचा त्याला काय उपयोग, हे त्या दिवशी ठरलं. आजही दर ठरवताना आम्ही तिथूनच सुरुवात करतो.

पुढची तीन वर्षं धुसफुशीत पण बरी गेली. चौघांपैकी फिजिशियन सर आमच्या बाजूने होते. त्याला कारण एक डेंग्यूचा सीझन. एका तरुणाचे प्लेटलेट मशीनने अडतीस हजार दाखवले. घरच्यांनी रडारड सुरू केली, वर भरतीची तयारी झाली, प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी सांगलीला फोन गेले. पोराला ताप होता, पण तो चालत आला होता, अंगावर एकही ठिपका नव्हता. मी स्लाइड लावली तर प्लेटलेटचे नुसते पुंजके दिसले. रक्त गोठू नये म्हणून बाटलीत ईडीटीए घालतात, त्यात काही जणांचे प्लेटलेट एकमेकांना चिकटतात आणि मशीन तो पुंजका मोजतच नाही. ईडीटीएऐवजी सायट्रेट असलेल्या बाटलीत पुन्हा रक्त घेतलं, काउंट एक लाख नव्वद हजार आला. सर स्वतः खाली येऊन मायक्रोस्कोपला डोळा लावून बघत बसले. मग म्हणाले, "पोरी, माझ्या प्रत्येक कमी काउंटची स्लाइड बघत जा." एका भागीदाराला मात्र हे रुचलं नाही. भरलेली खाट रिकामी झाली, असं तो कँटीनमध्ये बोलल्याचं माझ्या कानावर आलं.

खरी तेढ पडली २००९च्या उन्हाळ्यात, आणि ती मैत्रिणीशीच.

गर्भाशय काढलं की ते दहा टक्के फॉर्मॅलिनच्या बरणीत खाली यायचं. ते एक रात्र मुरू द्यायचं, सकाळी कापून बघायचं, मेणाचे ब्लॉक करायचे, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे आणि रंगवून स्लाइड बघायची. हे काम मला मनापासून आवडतं. शरीर खोटं बोलत नाही. त्या एका आठवड्यात चार बरण्या आल्या. वयं बत्तीस, चौतीस, एकोणतीस, छत्तीस. तक्रारी अंगावरून पांढरं जाणं आणि कंबरदुखी. चारही पिशव्या निरोगी. चौतीस वर्षांच्या बाईचे दोन्ही बीजकोशही काढले होते, तेही चांगले. तिची रजोनिवृत्ती चौतिशीतच, त्या दिवसापासून, आणि पुढे हाडं ठिसूळ होण्याची टांगती तलवार.

मी रिपोर्ट लिहिले. गर्भाशयात उल्लेखनीय दोष आढळला नाही, ही पहिली ओळ. शेवटी क्रॉनिक सर्व्हिसायटिस, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाला असलेली जुनी सूज. मैत्रिणीने रिपोर्ट परत पाठवले, पाठोपाठ स्वतः आली.

"सर्व्हिसायटिस वर घे ना. निदान म्हणून."

"ते प्रत्येक दुसऱ्या बाईला असतं. त्यासाठी कोणी पिशवी काढत नाही."

"पण खोटं आहे का ते? आहे ना स्लाइडमध्ये? मग वर लिहिलंस तर तुझं काय जातं?"

या प्रश्नावर मी पुढे कितीतरी दिवस विचार केला. शब्द खरा, जागा खोटी. नातेवाईक आणि विमा कंपनी फक्त पहिली ओळ वाचतात. ती ओळ वाचून नवरा म्हणणार, बरं झालं, काढली ते. आणि त्याच गल्लीतली पुढची बाई टेबलावर येणार. मी ओळ हलवली नाही.

तिच्या बाजूचंही सांगायला हवं, कारण ती लोभी बाई नव्हती. तिच्याकडे येणाऱ्या बायका स्वतःच म्हणायच्या, "बाई, पिशवीचं काय ते एकदाच करून टाका." कामावर खाडा परवडत नाही, पाळीच्या दिवसांत उसाच्या फडात ना आडोसा ना पाणी, आणि गावात कोणीतरी सांगितलेलं असतं की पुढे कॅन्सर होतो. औषधाचा कोर्स देऊन तीन महिन्यांनी या म्हटलं की बाई यायची नाही, दुसऱ्या दवाखान्यात जाऊन ऑपरेशन करून घ्यायची. वर हप्ता होताच. एकदा तिने हो म्हटलं, मग दहा वेळा म्हटलं. तिची ती घसरण मी जवळून पाहिली आणि मला ती थांबवता आली नाही, याचं दुःख आजही आहे.

त्यानंतर वरून बरण्या येणं बंद झालं. काढलेलं गर्भाशय, अपेंडिक्स, काहीच तपासायला येईना. न तपासलेल्या अवयवाबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. २०१०च्या जानेवारीत जागा रिकामी करण्याचं पत्र आलं. त्यावर चौघांच्या सह्या होत्या, फिजिशियन सरांचीही. सरांनी नंतर घरी बोलावून चहा दिला, पण त्या सहीबद्दल ना ते बोलले, ना मी विचारलं.

बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानावर एक गाळा मिळाला. वीस पायऱ्या चढून यावं लागायचं, म्हातारी माणसं खालीच बसायची आणि आमचा टेक्निशियन सुई घेऊन खाली जायचा. पहिल्या वर्षी काम निम्म्याहून कमी झालं. दागिने गहाण ठेवले. गावातल्या डॉक्टरांच्या संमेलनात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. याच काळात एका माणसाने सहीचे पैसे देऊ केले. त्याच्या तीन गावांत लॅब होत्या, एकीतही पॅथॉलॉजिस्ट नव्हता. मी तिथे जायचीही गरज नाही, सही स्कॅन करून द्यायची, दरमहा ठरलेली रक्कम घरी येईल. ती रक्कम आमच्या हप्त्यापेक्षा जास्त होती. नवरा एवढंच म्हणाला, "तू न बघितलेल्या रक्तावर तुझं नाव कसं चालेल?"

आम्हाला तगवलं ते वाडीवस्तीवरच्या आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी. त्यातले काही कटाशिवाय पाठवायचे, कारण रिपोर्ट चुकला तर शिव्या त्यांना पडायच्या. आणि आमची चूकही याच काळातली आहे, ती लपवणार नाही. २०११ साली एकाच नावाच्या दोन बायकांच्या बाटल्या बदलल्या गेल्या. एकीला थायरॉइडची गोळी सुरू झाली, जिला गरज होती तिला नॉर्मलचा रिपोर्ट गेला. तीन आठवड्यांनी जुळवाजुळव करताना माझ्या लक्षात आलं. ज्या डॉक्टरांनी गोळी दिली होती त्यांना फोन केला. ते म्हणाले, "नवा रिपोर्ट करून द्या, मी गोळी बंद करतो, पेशंटला कशाला सांगता?" त्यांनाही आपली अब्रू जपायची होती, ते कळत होतं. तरी आम्ही त्या दोन्ही बायकांच्या घरी गेलो, सांगितलं, माफी मागितली, पैसे परत केले. एकीच्या दिराने अंगणातच आवाज चढवला. तो डॉक्टर कायमचा तुटला. तेव्हापासून आमच्याकडे बाटलीवर नाव, वय, गाव आणि नंबर पेशंटसमोर लिहितात आणि पेशंटला स्वतःचं पूर्ण नाव सांगायला लावतात. आमदार आले तरी.

२०१३ साली महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची बातमी आली. विंचूदंशावरच्या कामामुळे ते आम्हाला विद्यार्थिदशेपासून माहीत. पेशंट पाठवल्याबद्दल आलेला बाराशे रुपयांचा चेक त्यांनी परत केला आणि मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. नवऱ्याने ते कात्रण काचेखाली लावलं. इतकी वर्षं वाटायचं की आपणच दोघं आडमुठे आहोत. त्या कात्रणाने किती धीर दिला, ते सांगता येणार नाही. २०१७ साली राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार करून घेतला, तेव्हा आम्ही पेढे आणायचे बाकी ठेवले होते. मसुदा मसुदाच राहिला. त्याच वर्षी १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने मात्र सांगितलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. त्या निकालाची प्रत घेऊन दोन तरुण डॉक्टर आमचा जिना चढून आले. गावात नवीन होते, त्यांना कट नको होता. आमचं काम खऱ्या अर्थाने तिथून वाढलं. पुढे कोविडच्या काळात, २०२० आणि २१मध्ये, हेच दोघं फोन करून रक्तातल्या गुठळ्यांच्या तपासणीबद्दल विचारायचे, "मॅडम, डी-डायमर रोज करायला हवंच का?" आम्ही मिळून ठरवायचो आणि बऱ्याच वेळा ती तपासणी टाळायचो.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांची बातमी देशभर गेली. सरकारी पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांची चौकशी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. ते आकडे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे चारच बरण्या होत्या.

त्या पावसाळ्यात एका दुपारी हॉस्पिटलचा वॉर्डबॉय बरणी घेऊन आला. दहा वर्षांनी. सोबत मैत्रिणीच्या अक्षरातली चिठ्ठी होती: वय ४४, रक्तस्राव, औषधाने थांबला नाही. जे दिसेल ते लिही. मी स्लाइड दोनदा पाहिली. एंडोमेट्रियममध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात, हायपरप्लेझिया होता: अस्तर प्रमाणाबाहेर वाढलेलं, पेशी बिघडायला लागलेल्या. ऑपरेशन योग्य होतं. पहिल्या ओळीत तेच लिहिलं आणि इतक्या वर्षांनी तिला स्वतः फोन केला. रिपोर्टबद्दल दोन मिनिटं बोललो. मग ती गप्प झाली, मीही. शेवटी तिने विचारलं, "जिना अजून तेवढाच उंच आहे का गं?"

आमच्यात सगळं पूर्वीसारखं झालेलं नाही. त्या चार बायकांबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही. मी तो विषय काढते, ती उठून जाते. पण आता तिच्याकडून प्रत्येक अवयव तपासायला येतो, अपेंडिक्सही. शुक्रवारी तीन वाजता ती आणि ते दोघे तरुण डॉक्टर लॅबमध्ये येतात. दोघांना एकाच वेळी बघता येईल असा जुना मायक्रोस्कोप आम्ही मागच्या वर्षी कोल्हापूरहून आणला. त्यावर आठवड्याच्या स्लाइड लावतो आणि भांडतो. यंदा गाळा सोडून तळमजल्यावर जागा घेतली आहे, फरशी बसवायचं काम चालू आहे. दरपत्रकाचा बोर्ड रंगवून झालाय, तो आधी लावू.